साखर ओळखणारं प्रथिन आणि एक घाबरवणारा रिपोर्ट

आज सुरुवात एका फोनपासून करते.

गेल्या वर्षी जूनमध्ये रात्री साडेदहाला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा तेव्हा अकरा महिन्यांचा होता. आधी सर्दी, मग कान फुटला, मग छातीत कफ. तीन महिन्यांत तीनदा अँटिबायोटिक झालं. कुणीतरी सुचवलं म्हणून एक महागडी तपासणी केली आणि रिपोर्टवर ठळक अक्षरांत आलं, ‘एमबीएल कमी’. ती म्हणाली, "ताई, याला प्रतिकारशक्तीच नाही म्हणतात गं. आणि हे जीनमधून येतं म्हणे. म्हणजे माझ्यामुळेच ना?"

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण एमबीएल म्हणजे काय, हे तिला सांगणं मला शक्य होतं. तेच आज तुम्हाला सांगते.

एमबीएल म्हणजे मॅनोज बाइंडिंग लेक्टिन. यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारं प्रथिन. आपल्या पेशींवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात, तशा जंतूंवरही असतात. फरक असतो तो टोकाला. आपल्या साखळ्यांच्या टोकाला बहुधा सायलिक आम्ल किंवा गॅलॅक्टोज असतं, तर यीस्ट आणि अनेक जिवाणूंच्या अंगावर मॅनोजसारख्या साखरा उघड्या असतात. एमबीएल नेमक्या त्याच पकडतं. एकदा पकडलं की त्याच्यासोबतची मास्प नावाची प्रथिनं जागी होतात आणि कॉम्प्लिमेंट नावाची साखळी सुरू होते. जंतूवर खुणा बसतात, पांढऱ्या पेशी येऊन त्याला गिळतात. अँटिबॉडी तयार व्हायला काही दिवस लागतात. एमबीएल मात्र पहिल्या तासापासून हजर असतं.

याची गोष्ट सुरू झाली तीही एका आजारी बाळापासूनच. 1968 साली डॉक्टरांनी एका बाळाची नोंद केली. त्याला वारंवार संसर्ग होत होते. त्याच्या पांढऱ्या पेशी ठीक होत्या, पण रक्तद्रवात असं काहीतरी कमी होतं की त्या पेशी यीस्ट गिळेनात. 1976 मध्ये लंडनच्या संशोधकांना हाच दोष साधारण 5 ते 8 टक्के लोकांत सापडला, आणि त्यातले बहुतेक अगदी ठणठणीत होते! 1978 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी सशाच्या यकृतातून हे प्रथिन वेगळं काढलं. 1989 मध्ये दोन्ही धागे जुळले, तो दोष म्हणजे एमबीएलची कमतरता. आणि 1991 मध्ये जीनमधला बदलही सापडला.

तो बदल समजायला सोपा आहे. एमबीएल तीन पेडांच्या वेणीसारखं असतं. वेणी घट्ट बसावी म्हणून प्रत्येक पेडात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन लागतं, कारण ते सगळ्यात लहान अमिनो आम्ल. त्या जागी दुसरं मोठं अमिनो आम्ल आलं की वेणी नीट बसत नाही. आणि एक पेड बिघडला तरी अख्खी वेणी बिघडते, म्हणून आई किंवा वडील, एकाकडूनच बदललेला जीन आला तरी पातळी बरीच उतरते. दोघांकडून आला तर फारच.

मग असे लोक आजारी पडतात का? इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून बघा. डेन्मार्कमध्ये 9,245 प्रौढांचा अभ्यास झाला, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. एमबीएलची कमतरता असलेल्यांत संसर्ग किंवा मृत्यू लक्षणीय जास्त आढळले नाहीत. त्याआधी, 2001 मध्ये, ग्रीनलंडमधल्या दोन वर्षांखालच्या 252 मुलांचा अभ्यास आला होता. तिथे कमतरता असलेल्या मुलांना श्वसनाचे संसर्ग दुप्पट होत होते, आणि 6 ते 17 महिन्यांच्या वयात तर जवळजवळ तिप्पट.

नेमकं त्याच वयात का? कारण आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी तोवर संपत आलेल्या असतात आणि बाळाच्या स्वतःच्या अजून पुरेशा झालेल्या नसतात. त्या मधल्या फटीत एमबीएलवर जास्त भार पडतो. फट भरली की त्याची उणीव जाणवेनाशी होते. मोठेपणी अशी फट पुन्हा पडू शकते, उदाहरणार्थ केमोथेरपीत पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा. त्याबद्दलचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

आता उलट बाजू. हे प्रथिन जास्त असणं नेहमी बरं असतं का? नाही. हृदयविकारात अडलेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतो तेव्हा एमबीएल आपल्याच जखमी पेशींना चिकटतं. ज्या उंदरांत एमबीएल नव्हतं, त्यांच्या हृदयाला कमी इजा झाली. आयजीए नेफ्रोपॅथी या किडनीच्या आजारात काही रुग्णांच्या किडनीत एमबीएल साचलेलं दिसतं, आणि त्यांचा आजार जास्त तीव्र असतो. आपल्याकडे बिहारमध्ये ज्याला काळा आजार म्हणतात, त्याच्या ब्राझीलमधल्या रुग्णांत एमबीएल जास्त आढळलं. त्या आजाराचा परजीवी पांढऱ्या पेशींच्या आतच राहतो, म्हणजे गिळलं जाणं त्याच्या पथ्यावरच पडतं. कमी एमबीएलचा जीन जगभर टिकून राहिला, त्यामागे असंच काही कारण असावं, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं.

त्या रात्री मी बहिणीला एवढंच म्हटलं, "अगं, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. हा बदल लाखो धडधाकट लोकांत आहे, कदाचित तुझ्यात, माझ्यातही. रिपोर्ट खोटा नाही, पण तो एकटा काही सांगत नाही. लशी वेळेवर दे, ताप आला तर अंगावर काढू नकोस, आणि बाळाचं वजन नीट वाढतंय का ते तुमच्या डॉक्टरांना विचार."

डॉक्टरांनी अँटिबॉडी आणि पांढऱ्या पेशी तपासल्या, कारण वारंवार आजारपणाची जास्त गंभीर कारणं तिथे सापडू शकतात. दोन्ही ठीक निघाल्या. या पावसाळ्यात पठ्ठ्याला एकदाच सर्दी झाली. आता यातून काहीच सिद्ध होत नाही हं, एका बाळावरून होतही नाही. पण बहीण आता त्याला पाळणाघरात सोडते आणि घरी येऊन शांत झोपते.

तुमच्याकडेही असा एखादा रिपोर्ट असेल, तर तो डॉक्टरांना दाखवताना एक प्रश्न जरूर विचारा: "आमच्या बाबतीत याचा अर्थ काय?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!