लहान फिरते घर निवडताना

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चाकांवरचे घर घ्यावे, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात असेल, तर कष्टाची पुंजी त्यात घालण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार करावा.

सजावटीपेक्षा गाडीची भारक्षमता आधी पाहावी. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते. म्हणजे ६० लिटरची भरलेली टाकी एका प्रौढ माणसाइतका भार टाकते. त्यात माणसे, बिछाने, शेगडी व बॅटरी यांची भर पडते. घाट उतरताना या साऱ्याचा ताण ब्रेकवर येतो. उंच छपरामुळे आत उभे राहता येते. मात्र वारा अधिक लागतो आणि इंधनही अधिक जळते.

जुनी गाडी स्वस्त मिळाली म्हणून तिच्यात मनाजोगे फेरफार करू नयेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलांवर निर्बंध आहेत. सुताराला बोलावण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. शक्य असल्यास तशीच गाडी प्रथम भाड्याने घेऊन दोन रात्री काढून पाहाव्यात.

ग्रामपंचायतींनी पाणी, स्वच्छतागृह व सांडपाण्याची सोय असलेली जागा नेमून दिल्यास पाहुण्यांची सोय होईल आणि गावाची स्वच्छताही राखली जाईल.