शलमोनाने काय मागितले?

(हीरक महोत्सवी मेळाव्यात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी शाळा चालते, ती दरवर्षी काही आईवडिलांनी घेतलेल्या कठीण निर्णयामुळे. मुलाला कोणत्या माध्यमात घालावे, पुढे त्याने काय शिकावे, कोठे जावे, कोणाशी विवाह करावा, हे प्रश्न प्रत्येक घरात येतात. अशा वेळी ख्रिस्ती माणूस देवाकडे ज्ञान मागतो, म्हणजे नेमके काय मागतो, याविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

पवित्र शास्त्रातील शलमोनाची कथा आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. तरुण वयात राज्य हाती आले, तेव्हा गिबोन येथे देवाने त्याला स्वप्नात दर्शन दिले आणि हवे ते मागण्यास सांगितले. त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, धन मागितले नाही, शत्रूंचा नाशही मागितला नाही. प्रजेचा न्याय करता यावा, बरे आणि वाईट यांतील भेद कळावा, असे मन त्याने मागितले. प्रश्नांची तयार उत्तरे त्याने मागितली नाहीत, ही गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे. निर्णय घेण्याचे ओझे त्याने स्वतःच्या खांद्यावरच ठेवले.

त्या ज्ञानाची कसोटी लगेच लागली. एका बाळावर दोन स्त्रिया हक्क सांगत आल्या. राजाने तलवार मागवली, तेव्हा जिने बाळ जगावे म्हणून आपला हक्क सोडला, तीच खरी आई ठरली. पालकांनी या कथेजवळ थोडे थांबावे. ‘हे मूल माझे आहे’ असे दोघीही म्हणत होत्या. परंतु मुलाचे भले स्वतःच्या हक्कापेक्षा मोठे मानणारी एकच होती.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे एक हृद्य उदाहरण आहे. 1893 साली नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावला नोकरीसाठी आगगाडीने निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, मनाशी झगडा केला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून घेतलेला तो निर्णय होता. पण त्याची किंमत एकट्या टिळकांना मोजावी लागली नाही. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने काही वर्षे राहिल्या. ते दुःख त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लपवलेले नाही.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी काही काळ आपले सोवळे पाळतच होत्या. माणसामाणसांतील उच्चनीच भेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतः विचार केला आणि पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी, 1900 साली, बाप्तिस्मा घेतला. पतीला लाभलेला प्रकाश पत्नीच्या नावे जमा झाला नाही; तिला तो स्वतः शोधावा लागला, आणि त्यासाठी तिला वेळ मिळाला.

मित्रहो, ‘देवाची इच्छा’ हे शब्द फार जपून उच्चारावेत. आपली इच्छा, आपले भय, समाजात दिसण्याची आपली हौस यांवर देवाचे नाव घातले, की समोरच्याला बोलण्यास जागा उरत नाही. मूल गप्प बसते, आणि आपण त्याला आज्ञाधारक म्हणतो. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष येशूनेही आपली इच्छा पित्यासमोर मोकळेपणाने मांडली आणि मगच ती पित्याच्या हाती सोपवली. प्रार्थनेत आपले मन देवापुढे उघडे करावे आणि ते बदलण्याची तयारी ठेवावी.

व्यवहारात हे कसे करावे? शांत बसून शास्त्र वाचावे. केवळ सोयीचे वचन शोधू नये. आपल्याशी सहमत नसणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याचा सल्ला घ्यावा. यरुशलेमेतील आद्य मंडळीपुढे अन्य राष्ट्रांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांचा प्रश्न आला, तेव्हा तेथे पुष्कळ वादविवाद झाला, अनुभव ऐकले गेले, शास्त्र पाहिले गेले. आणि शेवटी नवागतांवर आवश्यकतेपेक्षा अधिक भार घालायचा नाही असे ठरले. मन रागाने वा निराशेने ग्रासलेले असताना मोठा निर्णय शक्यतो पुढे ढकलावा. आणि या निर्णयाची किंमत कोण मोजणार, त्याला आपण विचारले आहे काय, हे अवश्य पाहावे.

इतके करूनही खात्री मिळेलच असे नाही. याकोबाच्या पत्रात देव ज्ञान उदारपणे देतो आणि मागणाऱ्याला दोष लावत नाही, असे आश्वासन आहे. निर्णय घेतल्यावरही ते मागता येते. वाट चुकली तर वळण्याचे धैर्य हेही ज्ञानच होय.

या शाळेने आपल्याला प्रश्न विचारायला शिकवले. आपल्या मुलांचे प्रश्न ऐकण्याचे मन आपणांस लाभो, अशी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.