झीन म्हणजे आपलं अनियतकालिक

हे एपिसोडचं शब्दांकन आहे. थोडं साफसूफ केलंय, पण बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

आजचा विषय झीन. इन्स्टावर हा शब्द तुम्ही पाहिला असेल. स्वतः लिहायचं, स्वतः छापायचं, स्वतःच वाटायचं, असं छोटंसं मासिक. पुढचा अंक कधी येईल याची हमी नाही. मराठीत याला जुना शब्द आहे: अनियतकालिक. मला तो झीनपेक्षा जास्त आवडतो. नावातच सांगून टाकलंय की बाबांनो, वेळेवर येणार नाही.

आधी मशीनबद्दल बोलू, कारण मशीन समजल्याशिवाय ही गोष्ट समजत नाही. सायक्लोस्टाइल. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा, शाळेतल्या प्रश्नपत्रिका यावर निघायच्या. मेण लावलेला पातळ कागद असायचा, त्याला स्टेन्सिल म्हणायचे. टाइपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर टाइप करायचं, नाहीतर टोकदार लेखणीने हाताने लिहायचं. अक्षराच्या जागचं मेण निघून जातं. मग स्टेन्सिल शाईच्या ड्रमवर चढवायचं आणि हँडल फिरवायचं. शाई त्या जागेतून झिरपते आणि कागदावर उतरते. एका स्टेन्सिलवर काहीशे प्रती निघायच्या. खिळे जुळवायला छापखाना नको, मालकाची परवानगी नको. हात काळे होतात, तेवढंच.

१९५४ च्या सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ वगैरे मंडळींनी अशाच पद्धतीने 'शब्द' काढलं. चित्र्यांचा जन्म १९३८ चा. म्हणजे वय सोळा! दहावी-अकरावीतल्या पोराचं वय. पुढे १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचं 'असो' आलं. त्याच काळात शहाण्यांनी एका लेखात तेव्हाच्या नामवंत मराठी साहित्याची अशी काही चिरफाड केली की त्याची चर्चा आजही होते. मग फक्त, येरू, वाचा, तापसी... एकामागून एक नावं. नावं वाचूनच कळतं ना, की हे लोक 'ज्ञानप्रकाश' किंवा 'विविधज्ञानविस्तार' काढायला बसलेले नव्हते?

आता जरा मराठीबाहेर जाऊ, कारण झीन दुसऱ्याला कसं लागतं ते तिथे फार छान दिसतं. लागतं म्हणजे सर्दी लागते तसं. १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एड सँडर्स नावाच्या कवीने एक सायक्लोस्टाइल मासिक सुरू केलं. नाव सरळसरळ शिवी, आणि खाली शांतपणे 'कलाविषयक मासिक'. शिवी मी माइकवर देत नाही, आई एपिसोड ऐकते. १९६६ मध्ये पोलिसांनी त्याच्या पुस्तकांच्या दुकानावर धाड घातली, अश्लीलतेचा खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. पण त्याच्या आधीच अलाहाबादमध्ये नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी त्या मासिकाबद्दल वाचलं होतं. मित्रांना घेऊन १९६५ मध्ये त्यांनी स्वतःचं काढलं, 'डॅम यू'. शिवी थोडी सौम्य केली, बाकी प्रकार तोच. नंतर ते मुंबईत आले आणि इथे 'एझ्रा' काढलं. पुढे तेच मेहरोत्रा, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि आपले कोलटकर यांनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' सुरू केलं. कवींनीच चालवलेली प्रकाशनसंस्था. तिथून १९७६ मध्ये इंग्रजी 'जेजुरी' आलं आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला.

न्यूयॉर्कमधल्या एका सायक्लोस्टाइल मशीनपासून जेजुरीच्या खंडोबापर्यंत धागा असा आला. म्हणून झीनचा हिशेब मी प्रतींवर करत नाही. वाचून किती जण स्वतः छापायला बसले, ते बघायचं.

पण सगळेच हौसेने छापत नव्हते. काहींना दुसरा मार्गच नव्हता. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या घरातलं आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषणातली मतं पचेनात, म्हणून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. ते झीन नव्हतं, मान्य. पण 'तुम्ही बोलू देत नाही? ठीक, मी छापतो' हा बाणा तोच आहे.

तो बाणा साठीच्या दशकात पुन्हा दिसतो. राजा ढाले याच लघुनियतकालिकांतून घडलेले. येरू, तापसी ही त्यांचीच. नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवायचे आणि याच वर्तुळात वावरायचे. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हा या लोकांना भाषा नव्याने शोधायची गरज नव्हती. संपादकाच्या भुवया उंचावतील का, हा विचार न करता लिहायची सवय आधीच झाली होती. त्याच वर्षी 'गोलपिठा' आलं. त्याच १५ ऑगस्टला 'साधना'त ढाल्यांनी लिहिलं की राष्ट्रध्वजाच्या अपमानाला जेवढी शिक्षा आहे, तेवढीही दलित स्त्रीच्या अपमानाला नाही. महाराष्ट्र हादरला. एकट्या अनियतकालिकांनी हे घडवलं असं मी म्हणणार नाही. पण रियाज कुठे झाला ते दिसतं.

एक तक्रार मात्र आहे. या यादीत बायका शोधा. मी शोधतो तेव्हा फार थोड्या हाती लागतात. चहाच्या टपरीवर, इराण्याच्या हॉटेलात रात्री उशिरापर्यंत बसून अंक ठरवायचे, तर तिथे कोण बसू शकत होतं? बंडखोरांच्या टेबलालाही खुर्च्या मोजक्याच होत्या.

परत कोलटकरांकडे येतो. जाहिरात क्षेत्रातलं मोठं नाव, मनात आणलं असतं तर कुठलाही प्रकाशक दारात उभा राहिला असता. पण १९७७ चं 'अरुण कोलटकरच्या कविता' शहाण्यांच्या 'प्रास प्रकाशन'कडून आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं पुस्तक नाही, आणि मग २००३-०४ मध्ये चिरीमिरी, भिजकी वही, द्रोण, काळा घोडा पोएम्स, सर्पसत्र. सगळं प्रासकडूनच. 'असो'वाल्या मित्राकडून! सप्टेंबर २००४ मध्ये कोलटकर गेले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी नंतर मिळाला.

आता तुमच्यासाठी. मागच्या वेळी मेसेज आला होता, 'दादा, माझ्या कवितांना लाइक येत नाहीत, लिहू का बंद करू?' तर ऐक. एक ए-फोर कागद घे. तीन वेळा घडी घालून उलगड, आठ चौकोन होतील. मधल्या लांब घडीवर फक्त आतल्या दोन चौकोनांइतका काप दे. आता लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकल, आठ पानांचं पुस्तक तयार. छपाई एकाच बाजूला, म्हणजे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे एका अंकाला एकच कॉपी. पन्नास काढ. सेलो टेप नको, स्टेपलर नको.

आणि मागच्या पानावर तारीख आणि गावाचं नाव घाल. पुढे कोणी तुझा अंक शोधेल, त्याला लागेल. आठ पानं झाली की एक प्रत मला पाठव, पुढच्या एपिसोडमध्ये वाचू.