मुरगाव बंदरातील अबोल सेवा
(व्याख्यानाचा मजकूर)



दिवंगत स्नेह्याचे स्मरण करताना त्याचे गुण, त्याची कर्तबगारी व त्याला लाभलेले मानसन्मान सांगण्याची आपली रीत आहे. परंतु काही माणसे अशी असतात, की त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य त्यांच्या जिवलग मित्रालाही त्यांच्या पश्चात उच्चारता येत नाही. युद्धकाळात गुप्त सेवा केलेल्यांची ही गत असते. अशांपैकी काहींचा संबंध खुद्द गोमंतकाशी, आपल्या मुरगाव बंदराशी आला होता.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही जर्मन मालवाहू जहाजे मुरगावच्या आश्रयास आली. आन्फोरा हे इटालियन जहाजही तेथे अडकून पडले. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. बंदराबाहेर पडावे तर ब्रिटिश आरमाराच्या तावडीत सापडण्याचे भय. म्हणून ही जहाजे वर्षानुवर्षे नांगर टाकून उभी राहिली. एरेनफेल्सवर एक गुप्त बिनतारी यंत्र असून त्यावरून दोस्तांच्या जहाजांच्या वार्ता जर्मन पाणबुड्यांना पोहोचविल्या जातात, असा ब्रिटिशांच्या गुप्त कार्यवाहीच्या संघटनेस संशय आला. या संघटनेचे नाव स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह. तिच्या वतीने हे प्रकरण हाती घेणारे अधिकारी लुईस प्यू व गॅव्हिन स्टुअर्ट.

पेच असा, की तटस्थ बंदरात सरकारी सैन्य उतरविले तर राजकीय अनर्थ ओढवायचा. तेव्हा प्यू यांनी वेगळीच माणसे शोधली. कलकत्ता लाइट हॉर्स हे हौशी घोडदळ. त्यात ताग, चहा व व्यापार यांत गुंतलेले गोरे साहेब. बरेचसे मध्यमवयीन, काहींची ढेरी सुटलेली. त्यांचे प्रमुख कर्नल बिल ग्राइस. काम काय ते आरंभी सांगितले गेले नाही. पगार नाही, पदक नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि पुढेही कोणापाशी बोलायचे नाही, एवढे मात्र स्पष्ट होते. लाइट हॉर्सचे १४ आणि कलकत्ता स्कॉटिशचे ४ असे १८ जण तयार झाले. फीबी नावाची, बंदरातील गाळ वाहून नेणारी एक जुनाट बोट कलकत्त्याहून लंकेला वळसा घालून निघाली. बहुतेक मंडळी आगगाडीने कोचीनला जाऊन तेथे तिच्यावर चढली.

१९४३ च्या मार्च महिन्यातील ९ तारखेची ती रात्र. गोव्यात इंत्रुजाचे शेवटचे दिवस होते. किनाऱ्यावर मेजवानी व करमणुकीची अशी बडदास्त ठेवण्यात आली होती, की जहाजांवरील पुष्कळ माणसे उतरून गेली. (त्या करमणुकीचा तपशील या व्यासपीठावरून सांगण्यासारखा नाही.) काळोखात फीबी एरेनफेल्सला भिडली. चकमकीत कप्तान रोफर व त्याचे काही खलाशी ठार झाले. जर्मनांनीच समुद्राचे पाणी आत घेऊन जहाज बुडविण्यास आरंभ केला. ते पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांवरील लोकांनीही आपापली जहाजे जाळली व बुडविली. हल्लेखोरांपैकी एकही दगावला नाही. फीबी आली तशी निघून गेली. खलाशांनी स्वतःच जहाजे बुडविली, एवढीच वार्ता जगास कळली. कलकत्त्याचे साहेब आपापल्या कचेऱ्यांत परतले.

या पराक्रमाचे नुसते गुणगान करणे उचित होणार नाही. ज्या वर्षी हे घडले, त्या वर्षी ‘चले जाव’ चळवळीचे नेते ब्रिटिशांच्या तुरुंगात होते, आणि ज्या कलकत्त्याहून ही मंडळी निघाली, तेथील रस्त्यांवर काही महिन्यांतच दुष्काळाने माणसे मरून पडू लागली. गोमंतकीयांना तर त्यांच्या बंदरात काय चालले आहे, हे ना पोर्तुगीजांनी सांगितले, ना ब्रिटिशांनी. बिनतारी यंत्रामुळे नेमकी किती हानी झाली, याविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. पुढे प्रसिद्ध झालेली हकिकत बहुतांशी भाग घेतलेल्यांच्या आठवणींवर उभी आहे. मारले गेलेले खलाशीही कोणाचे तरी मित्र होते, हेही विसरता येत नाही.

तरीही त्या १८ जणांच्या मौनाचे मोल उरतेच. साडेतीन दशके ही मंडळी गप्प राहिली. १९४७ साली लाइट हॉर्स पथकच विसर्जित झाले, मंडळी विखुरली. त्या काळात जो कोणी निवर्तला, त्याच्या अंत्यविधीला उभ्या असलेल्या सोबत्याला ‘हा मुरगावच्या त्या रात्री होता’ हे चार शब्दही म्हणता आले नसतील. चांगला कारकुनी माणूस, चांगला घोडेस्वार, एवढेच बोलून घरी परतायचे.

महाजन कुटुंबांना हे अगदीच अपरिचित वाटू नये. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आणि श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली, ती हीच जुवारी ओलांडून, जिच्या मुखाशी ती जहाजे बुडाली. देव नेले हे आपणांस ठाऊक आहे. होडी कोणी वल्हविली, वाटेत पहारा कोणी दिला, ती नावे फारशी उरली नाहीत. मूर्ती वाचल्या त्या ज्यांनी तोंड मिटून घेतले त्यांच्यामुळे. दोन्ही प्रसंगांची तुलना करण्याचा हेतू नाही. एकात श्रद्धेचे रक्षण होते, दुसऱ्यात साम्राज्याचे युद्ध. मौन राखणाऱ्याच्या वाट्याला येणारे एकटेपण मात्र दोन्हीकडे सारखेच.

१९७८ साली जेम्स लीझर यांचे ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक निघाले, तेव्हा पडदा उघडला. १९८० साली ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट आला; त्याचे चित्रण गोव्यातही झाले, आणि प्यू यांची भूमिका ग्रेगरी पेक यांनी केली. पदके मात्र कोणालाच मिळाली नाहीत; तसे आधीच ठरले होते. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, प्यू वारले. मित्रांना त्यांच्या त्या कार्याविषयी मोकळेपणी बोलता येऊ लागून तेव्हा तीनच वर्षे झाली होती.