किलोवर नव्हे, नगावर
(धातुकारागीर आणि लघुउद्योजकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण, टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना)



हाराची फुलं कोमेजायच्या आत मुद्द्यावर येते, कारण जेवणाआधी लाइट जाणार अशी बोलवा आहे आणि माइकशिवाय माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. बफिंगच्या मशीनशेजारी आयुष्य काढलेल्या माणसांना तसंही जरा मोठ्यानेच सांगावं लागतं.

आमचा धंदा लहान आहे. कपाटाचे नॉब, ड्रॉवरची हँडलं, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, देवघराच्या दारांच्या नाजूक कड्या, झोपाळ्याच्या साखळ्या. सगळं पितळेचं. सासऱ्यांनी भट्टी लावली, नवऱ्याने लेथ आणला आणि हिशेबाची वही माझ्याकडे आली. गाव टेंभुर्णी, तालुका जाफराबाद. हे ठासून सांगावं लागतं, कारण पुणे-सोलापूर रस्त्यावरचं माढा तालुक्यातलं टेंभुर्णी आपल्याहून प्रसिद्ध आहे आणि ट्रान्सपोर्टमध्ये टाकलेलं आपलं पार्सल अधूनमधून तिकडची वारी करून येतं.

वही माझ्याकडे असल्यामुळे आज जे बोलणार ते वहीतलंच. मला एकच गोष्ट सांगायची आहे: आपण माल किलोवर विकतो, तो नगावर विकायला हवा.

आपल्या जिल्ह्यात दोन धंदे मोठे झाले. एक लोखंडाचा. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई निघते आणि ती टनावर विकली जाते. दुसरा बियाण्याचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या भागात शेडनेट लावून टोमॅटो-मिरचीचं बी तयार करणारे कितीतरी शेतकरी आहेत. त्यांना विचारा, टोमॅटोचं बी टोमॅटोच्या भावाने देता का? चेष्टा केल्यासारखं बघतील. बी वजनानेच मोजतात, पण पैसे मिळतात ते फुलाफुलाला हाताने परागीकरण केल्याचे, वाण शुद्ध राखल्याचे. आपण धातूवाले म्हणून आपोआप लोखंडाच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. काम मात्र बियाणेवाल्यांसारखं करतो.

किलोची सवय आली कुठून? भांड्यांकडून. घागर, हंडा, तपेलं हे सगळं तागडीत घालूनच विकलं जायचं आणि ते बरोबरही होतं. भांडं ही घरची ठेव होती. लेकीच्या लग्नात दिलेली पितळी भांडी दुष्काळात मोडीत घालून दाणे आणलेली घरं या सभागृहात असतील. मोड देताना वजनच बघणार, म्हणून घेतानाही वजनच बघायचं. पण कपाटाचा नॉब कोणी गहाण टाकतं का? ड्रॉवरचं हँडल उपसून कोणी सावकाराकडे जातं का? ज्या वस्तूला कोणी ठेव मानत नाही, तिला ठेवीचा नियम आपण लावून बसलो आहोत.

आता वहीतला हिशेब. आकडे उदाहरणापुरते धरा. ८० ग्रॅमचा नॉब आहे, म्हणजे किलोला साडेबारा नग. साधा गोल नॉब लेथ आणि बफ मिळून ८ मिनिटं खातो. कमळाचा नॉब घ्या. प्रत्येक पाकळीच्या खाचेत बारीक कानस फिरवायची, कडा राखायच्या, मग बफ. त्याला २५ मिनिटं. किलोमागे साध्याला १०० मिनिटं झाली आणि कमळाला पाच तासांच्या वर. दुकानदार म्हणतो, ताई, नक्षीचे किलोला ५० रुपये जास्त घ्या. आपण खूश. साडेतीन तास जादा कामाचे ५० रुपये, म्हणजे तासाला १४. आठ तासांचे ११२ रुपये. रोजगार हमीवर २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाचा दर ३१२ रुपये होता. जिल्ह्यातला सगळ्यात बारीक हात असलेला कानसवाला खडी फोडणाऱ्याच्या मजुरीच्या जवळपासही पोचत नाही, आणि तो आपल्याच घरचा असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

याहून वाईट पुढे आहे. कसबी ओतारी नॉब आतून पोकळ ओततो. वाळूच्या पेटीत गाभा नेमका मधोमध बसवतो आणि भिंत सगळीकडे सारखी पातळ काढतो. माल हलका होतो, दार ओढताना हाताला बरा लागतो. आणि किलोच्या हिशेबात त्याचे पैसे कमी होतात! नवशिक्याचा ठोकळा वजनदार, म्हणून त्याला जास्त. जो दर चांगल्या कारागिराला दंड लावतो त्याला दर म्हणायचं की शिक्षा, तुम्हीच ठरवा.

भट्टीपाशी काय होतं ते इथे बहुतेकांना ठाऊक आहे, पण आज बँकेचे आणि शासनाचे पाहुणे आले आहेत, त्यांच्यासाठी सांगते. तांबं वितळतं १०८५ अंशांना आणि जस्त ९०७ अंशांना उकळू लागतं. म्हणजे तांब्याचं पाणी झालेल्या मुशीत जस्त टाकलं की ते जागेवर उकळतं, हिरवट-पांढरी ज्योत उठते आणि कापसासारखा पांढरा धूर शेडभर पसरतो. म्हणून जस्त शेवटी आणि झटपट बुडवायचं, ढवळायचं, ओतायचं. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. घरोघर त्यावर दूध-गूळ देतात. दूध-गुळाने पोट भरतं, बाकी काही होत नाही. उपाय एकच, धूर वर ओढून नेणारा पंखा आणि उंच धुराडं. मोड वितळवली तरी प्रत्येक खेपेला थोडं जस्त उडून जातं, ते पुन्हा घालावं लागतं. ही घट. सोनार घट आणि मजुरी पावतीवर वेगळी लिहितो, गिऱ्हाईक मुकाट्याने देतं. आपण दोन्ही गिळतो.

आणि घरच्यांची मजुरी? ती तर वहीत येतच नाही. सासूबाईंनी वर्षानुवर्षं स्क्रू मोजून पुड्या बांधल्या. मी बिलं करते, माझी जाऊ व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी बघते, दीर बफवर बसतो. यातल्या एकाचाही पगार खर्चात धरलेला नसतो आणि वर्षअखेर उरलं त्याला आपण नफा म्हणतो. तो नफा नाही, न दिलेले पगार आहेत. पोरं पुण्याला कंपनीत गेली की आपण म्हणतो, त्यांना कष्ट नकोत. कंपनीत पहिल्याच महिन्याला त्यांच्या नावाने पैसे जमा होतात, ते आपण कधी केलं होतं? माझा आग्रह आहे की येत्या १ एप्रिलपासून प्रत्येक शेडमध्ये घरच्या प्रत्येक काम करणाऱ्याच्या नावाने महिन्याचा आकडा वहीत पडावा. द्यायला पैसे नसतील तर देणं म्हणून लिहा, पण लिहा. मग नगाचा खरा खर्च किती, ते समोर येईल आणि पोटात गोळाही येईल.

किलोच्या दरात आणखी एक फसगत आहे, भाव चढला की आपण मोठे झालो असं वाटतं. मार्च २०२० मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला पाच हजार डॉलरच्या खाली होतं, मे २०२१ मध्ये दहा हजारांच्या वर गेलं. त्या काळात ज्यांच्याकडे जुना साठा होता त्यांनी बक्कळ कमावलं म्हणून सांगितलं. तो साठा विकून तेवढाच नवा घ्यायला गेले तेव्हा गल्ल्यातले पैसे पुरेनात. धातूचा भाव हा धातूचा. आपली मजुरी त्याच्याशी बांधली की ती त्याच्याबरोबर हेलकावे खाणार. पितळ त्या दिवसाच्या भावाने वेगळं लावा, घडणावळ नगावर ठरवा आणि वर्षभर ती हलवू नका.

उधारीबद्दल बोललं नाही तर तुम्ही मला खाली बसवाल. आपण मोड रोखीने घेतो. त्यातही १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याकडून माल घेतला तर त्याचा १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो. पुढे वळता होतो हे खरं, पण आज खिशातून जातो. माल जातो उधारीवर. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात स्पष्ट आहे की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. थकले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकरातही तरतूद झाली, मुदतीत पैसे न दिल्यास घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच दाखवता येतो. कायदा चांगला आहे. पण आपल्यातल्या किती जणांनी तक्रार केली? फर्निचरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमचे पैसे दिवाळीवरून संक्रांतीवर आणि संक्रांतीवरून लग्नसराईवर ढकलले. तक्रार केली असती तर व्याजही मिळालं असतं आणि पुढची ऑर्डर अलीगढला गेली असती. तेव्हा कायद्यावर विसंबण्याआधी एवढं करू: निम्मे पैसे ऑर्डरीबरोबर. पितळेपुरते तरी निघतात.

अलीगढ, जामनगर, मुरादाबाद यांच्याशी भावात टक्कर द्यायच्या भानगडीत मी पडणार नाही आणि तुम्हीही पडू नका. त्यांच्याकडे गल्लीच्या गल्ली एकाच कामाला जुंपलेली आहे. जस्ताच्या मिश्रधातूवर पितळी मुलामा दिलेलं हँडल आपल्या निम्म्या किमतीत मिळतं, मिळू द्या. चार वर्षांनी ते पांढरं पडलं की सुतारच गिऱ्हाइकाला आपल्याकडे पाठवतो. मात्र आपल्या मालाबरोबर एक चिठ्ठी घालत जा. लॅकर मारलेल्या पितळेला दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिंच लावून घासायचं नसतं, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगितलेलंच नसतं. लॅकर निघतो, डाग पडतात आणि शिव्या आपल्याला.

नगावर कोणी घेईल का अशी शंका असेल तर पुण्याच्या तांबट आळीत जा. पेशवाईपासूनची वस्ती, मठारकामाचं पिढीजात कसब. तिथे आता दिवे, ताटं, शोभेच्या वस्तू नव्या घाटात होतात आणि मठारलेला तुकडा नगावर विकला जातो. हातोडीच्या ठोक्यांचे पैसे वेगळे मागितले तर लोक देतात.

आणि लांब तरी कशाला, आपलं भोकरदन बघा. जुनं भोगवर्धन. १९७० च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत सापडली होती. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं. पॉम्पेईची ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. काही अभ्यासक म्हणतात ती आरशाची मूठ असावी, काही म्हणतात लहान मेजाचा पाय. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांचीच असावी, असंही काहींचं मत आहे. ते मत खरं ठरलं तर आपल्या शेजारच्या तालुक्यातून फर्निचरचा सुटा भाग दोन हजार वर्षांपूर्वी रोमन घरात गेला होता. आणि तो वजनावर विकला गेला असेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

शासनाच्या पाहुण्यांना एक विनंती. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, तेव्हा यादीत अठरा व्यवसाय होते. सुतार आहे, लोहार आहे, सोनार आहे, कुलूप करणारासुद्धा आहे. तांबट आणि ओतारी स्वतंत्रपणे नाहीत. आमच्या पोरांनी कुलूपवाले म्हणून अर्ज भरावेत का? बारा बलुत्यांतही आम्ही नव्हतो, पण ते समजू शकते, आमचा व्यवहार बाजाराशी होता. सरकारी यादीत नसण्याला तसं काही कारण दिसत नाही.

दुपारच्या सत्रात दोन कामं आहेत. एक, नगावरच्या घडणावळीचा तक्ता. नॉब, कडी, बिजागरी, साखळी, प्रत्येकाचे मापाप्रमाणे वेगळे दर, आणि त्याखाली कोणी जायचं नाही असा शब्द. भांडणं होतील, होऊ द्या, पण जेवण झाल्यावर. दुसरं, धूर ओढणारे पंखे एकत्र मागवले तर स्वस्त पडतात. ज्यांना हवे आहेत त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव, मोबाइल नंबर, शेडची उंची आणि आपली मूस कितव्या नंबरची ते लिहून ठेवावं. शेडची उंची अंदाजाने नको, टेपने मोजून.