वेगळ्या दाण्याची पारख
(माजलगाव येथे पंचायत सदस्य व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पोषणमूल्ययुक्त तांदळाची घोषणा झाली. पुढे तो शाळेच्या खिचडीत आला, तेव्हा वेगळे दिसणारे दाणे ‘प्लास्टिकचे’ समजून अनेक माउलींनी वेचून टाकले. वस्तुतः तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून ते घडविलेले असतात; साधारणतः शंभरांत एक. फेकला गेला तो नेमका पोषणाचा दाणा!

तथापि शंका घेणाऱ्या माउलीला कोणी हसू नये. त्यात काय आहे, किती आहे, कोणास अपायकारक आहे, हे विचारणे हीच नव्या अन्नाची पारख होय. थॅलेसेमियाच्या रुग्णास जादा लोह बाधते. त्याने वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पूरक आहाराच्या भुकटीलाही हेच प्रश्न विचारावेत. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नियमांनुसार डब्यावर घटक, मात्रा व ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना आवश्यक आहे. ती नसल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. गावोगावी हे समजावून सांगण्याची जबाबदारी आपण स्वीकारावी, ही विनंती.