पडद्यावरचे डॉक्टर



ऐन पेरणीत रक्तदाबाची गोळी संपते. तालुक्याला जावे तर रोज बुडतो, एस. टी.चे भाडे लागते, वर दवाखान्यात रांग. मग माणूस म्हणतो, "बघू पुढच्या बाजारी." असे दुखणे अंगावर काढू नये.

आता एक सोय झाली आहे. तिचे नाव ई-संजीवनी. ती सरकारी आहे. २०१९ साली ती सुरू झाली. २०२० साली, कोरोनाच्या साथीत, ती घरच्या फोनवरही आली. डॉक्टर दूर बसतात, आपण गावात. पडद्यावर दोघे एकमेकांना पाहतात, बोलतात. याला पैसे पडत नाहीत.

घरात तसा फोन नाही? हरकत नाही. आरोग्य उपकेंद्रात जा. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब, साखर तपासतील आणि डॉक्टरांशी गाठ घालून देतील. कोणत्या वेळी जायचे ते आशाताईंना विचारा.

पण एक ध्यानात ठेवा. या डॉक्टरांना तुमची नाडी धरता येत नाही, पोट दाबून पाहता येत नाही. तुम्ही सांगाल, दाखवाल, तेवढेच त्यांना कळणार. समजा, आजी नुसती म्हणाली, "खोकला आहे." तर खोकल्याचे औषध मिळेल. पण ती म्हणाली, "तीन आठवडे खोकते आहे, संध्याकाळी कणकण येते, चोळी सैल झाली," तर डॉक्टर थुंकी तपासायला सांगतील. क्षय असेल तर वेळेवर सापडेल. क्षय औषधाने बरा होतो.

बाईने आपले दुखणे आपणच सांगावे. घरधन्याने मध्ये बोलू नये. दिवस गेले असतील, एखादे औषध सोसत नसेल, तर ते आधी सांगावे. जुनी चिठ्ठी आणि चालू गोळ्या जवळ ठेवाव्या.

डॉक्टर औषधाची चिठ्ठी फोनवर पाठवतात. गोळी केव्हा, किती दिवस घ्यायची, ते नीट विचारून घ्या. शेजारणीच्या चिठ्ठीवर आपण औषध घेऊ नये, बरं का!

काही वेळा मात्र पडद्यापुढे बसायचेच नाही. छातीत कळ आली, दम कोंडला, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले, साप चावला, गरोदर बाईच्या अंगावरून रक्त जाऊ लागले, तर लगेच १०८ ला फोन लावा. दवाखाना गाठा. तेथे घटकेघटकेला मोल आहे.

आम्ही पुष्कळदा पाहिले आहे, डॉक्टर समोर आले की माणूस गांगरतो. सांगायचे राहते आणि घरी आल्यावर आठवते. पण आता तुम्हाला लिहिता येते! आदल्या रात्री कागद घ्या. तीन ओळी लिहा. काय होते? किती दिवस झाले? कोणते औषध चालू आहे? तो कागद समोर धरून बोला.

चला, पाटी घ्या. आजच लिहून पाहू.